पॉइंटांची भिशी

चिखलीत मला नावाने ओळखणारी माणसं थोडीच. 'कार्डवाल्या ताई कुठं राहतात' असं विचारलं तर मात्र बसस्टँडपासून मार्केट यार्डापर्यंत कोणीही घर दाखवेल. एका बँकेच्या शाखेत, दाराच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या कूलरशेजारी माझं टेबल होतं. त्या टेबलावर बसून मी अर्धं आयुष्य लोकांना क्रेडिट कार्डं दिली. विकली असं मी म्हणत नाही. विकणारे मॉलच्या दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याचा हात धरतात. माझ्याकडे माणूस आधी कूलरचं पाणी प्यायला यायचा आणि मग बोलायला लागायचा.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, 'ताई, तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा.' गमतीदार आहेत, आणि दोन-चार सांगेनच. पण कागद पुढे घेतला की मला एकच दुपार आठवते. त्या दुपारी कोणाला गंमत वाटली नव्हती. माझी तर पदराने हात पुसून पुसून पुरेवाट झाली होती.

आधी धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. क्रेडिट कार्ड म्हणजे बँकेने महिनाभरासाठी दिलेली उधारी. ठरलेल्या तारखेला सगळं बिल भरलं तर पैसाही जास्त लागत नाही, उलट खर्चाच्या मानाने पॉइंट मिळतात. भाजीवाली वांग्यांवर दोन मिरच्या टाकते ना, तशा या वरच्या मिरच्या. साठवल्या तर त्यातून मिक्सर येतो, पेट्रोल येतं, विमानाचं तिकीटही येतं. पण तारीख चुकली की व्याज असं लागतं की मिरच्या सोडाच, वांगीही जातात. म्हणून ज्याला तारीख पाळता येणार नाही असं मला दिसे, त्याला मी सरळ परत पाठवायची. आमच्या मॅनेजर साहेबांना हे कधी आवडलं नाही. त्यांना मी दोनदा भर शाखेत सुनावलं होतं, त्यामुळे पुढे ते माझ्या टेबलाजवळून जरा लगबगीनेच जात.

दुसरी गोष्ट म्हणजे मिरच्या सगळीकडे सारख्या मिळत नाहीत. एक कार्ड पेट्रोलवर भरपूर पॉइंट देतं आणि किराण्यावर काहीच नाही. दुसरं ऑनलाइन खरेदीवर देतं, तिसरं हॉटेलात. म्हणून कार्ड घेताना आपला पैसा कुठे जातो हे माहीत हवं. पण 'तुमचा खर्च कशावर होतो?' असं विचारलं तर माणूस कधी खरं सांगत नाही. खोटं बोलतो असं नाही. आपण जसं राहायला हवं होतं तसा खर्च तो सांगतो. म्हणून मी उलटं विचारायची, 'कशाचे पैसे तुम्ही घासाघीस न करता देता?' जिथे माणूस गुपचूप पैसे देतो तिथे त्याची सवय असते. कार्ड सवयीवर निवडावं, हौसेवर निवडू नये, हे मी हजारदा सांगितलं असेल.

लोणारचे एक मुख्याध्यापक आले होते. त्यांना विमानतळावर फुकट जेवायला मिळतं ते कार्ड हवं होतं.

"सर, विमानात शेवटचं कधी बसलात?"

"बसलो नाही अजून."

"मग?"

"जावई बसते ना. त्याच्यापाशी आहे ते कार्ड. दिवाळीत पुऱ्या घरात काढून दाखोते."

सर रोज मोटरसायकलवर शाळेत जायचे. मी त्यांना पेट्रोलचं कार्ड दिलं. ते रुसून गेले, आणि पुढल्या वर्षी पेढे घेऊन आले. जावयाने त्याच्या कार्डाची वार्षिक फी भरली होती आणि जेवायला एकदाही गेला नव्हता. सरांचा आनंद पेट्रोलचा होता की जावयाचा, ते मी विचारलं नाही.

अशी मी माझ्या तत्त्वावर खूश होते. मग नसरीन आपा आल्या.

नसरीन आपांचं बाजारगल्लीत मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, दोऱ्याची रिळं. साडी घेऊन जा, आपा डोळे बारीक करून एकदा बघतात आणि मागे न वळता बरोब्बर त्याच रंगाचं अस्तर ओढून काढतात. दुकानात बाई एकटी, मिस्टर वारलेले, मुलगा आखातात नोकरीला. व्यवहाराला अशी चोख की आमच्या कॅशियरने एकदा चुकून जास्त दिलेली नोट ती भर उन्हात परत द्यायला आली होती.

"ताई," आपा म्हणाल्या, "सगळ्या खर्चावर सारखे पॉइंट भेटते असं कार्ड द्या. आन् त्या पॉइंटावर विमानाचं तिकीट निंघालं पाह्यजे."

मी माझा ठेवणीतला प्रश्न विचारला. घासाघीस न करता काय काय? त्यांनी यादीच म्हटली. किराणा, गॅस, लाइटचं बिल, मुलांची फी, औषधं, स्कूटीचं पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज, पार्लरचं सामान. मला वाटलं, आपांच्या घरी भाऊ-भावजया, दीर-जावा असतील. विमान मक्केच्या यात्रेला, उमराला जाण्यासाठी हवं असेल. मी विचारलं नाही, आणि बरंच समाधान मानून मी त्यांना त्यांच्या खर्चाला साजेसं कार्ड काढून दिलं. त्यांचं बिल तारखेच्या आधी भरलं जायचं. शाखेत नवीन आलेल्या पोरींना मी ते खातं दाखवायची आणि म्हणायची, हे बघा, कार्ड निवडलं की असं निवडावं.

दीडएक वर्ष गेलं आणि मुख्य कार्यालयातून फोन आला. तपासणी विभागाचे कोणी तरुण साहेब होते. आवाज नम्र होता, आणि आमच्या धंद्यात असा नम्र फोन चांगली बातमी आणत नाही.

"मॅडम, या खातेदारांच्या कार्डावर खूप घरांची लाइटबिलं भरली जातायत. फी वेगवेगळ्या आडनावांच्या मुलांची आहे. कार्ड स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खर्चासाठी असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"उद्या दुपारी मी त्यांना फोन करतो. कॉल रेकॉर्ड होईल. तुम्ही तिथे हजर राहा, ओळख पटवायला." मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "हे बघा, बिल कधी थकलेलं नाही. हा सगळा आमच्या कुटुंबाचा खर्च आहे, एवढं त्या म्हणाल्या की मी फाइल बंद करतो."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर कार्ड बंद. पॉइंट रद्द."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर शटर अर्धं खाली. वाकून आत शिरले. रिळांच्या कपाटापुढे सतरंजीवर बायका बसल्या होत्या. पार्लरवाली शोभा, मेडिकलवाल्यांची सून, शिवणक्लासच्या दोघीतिघी आणि कोपऱ्यात कमल. कमल कॉलेजच्या पोरांची मेस चालवते. तिच्या हाताला अजून कणीक लागलेली होती.

"आपा, हे काय आहे?" मी विचारलं.

"भिशी आहे, ताई," आपा म्हणाल्या.

भिशी कोणाला माहीत नाही? दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे काढायचे, चिठ्ठी टाकायची, ज्याचा नंबर त्याने उचलायचं. पण या बायकांनी पैशांची नाही, पॉइंटांची भिशी लावली होती. घरखर्चाची रोकड आधी आपांच्या हातात द्यायची, मगच आपा कार्डावरून बिल भरणार. उधारी नाही, उसनवारी नाही. सगळ्यांच्या खर्चाचे पॉइंट एका जागी साठणार आणि पुरेसे झाले की नंबराप्रमाणे एकीला विमानाचं तिकीट. मी आयुष्यभर एका माणसाचा खर्च बघून एक कार्ड काढत आले होते. या बायकांनी एका कार्डात आख्खी गल्ली बसवली होती. मला राग आला, आणि खरं सांगते, थोडं कौतुकही वाटलं. पण कौतुक करायची ती वेळ नव्हती.

पहिला नंबर कमलचा निघालेला होता, आणि ते तिकीट का हवं होतं ते गल्लीला माहीत होतं. कमलच्या मुलीने, पल्लवीने, बंगलोरला नोकरी करता करता तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं, जातीबाहेर. कमलचे मिस्टर सोपानराव मार्केट यार्डात मापारी आहेत, म्हणजे काट्यावर धान्य मोजून देणारे. माणूस सरळ, पण एकदा वजन सांगितलं की अडत्या येवो नाहीतर सभापती, आकडा बदलणार नाही. त्यांनी ओट्यावर उभं राहून चार लोकांत सांगितलं होतं, 'माह्या घरचा एक रुपया त्या पोरीकडे जाणार नाही.' त्यांचा शब्द म्हणजे शब्द. कमलनेही तो मोडला नव्हता. फोनवर बोलायची ती, रिचार्ज मुलगी मारायची. आता पल्लवीला मुलगी झाली होती, बारसं तोंडावर आलं होतं, आणि एका तिकिटाला लागतील त्याहून जास्त पॉइंट साठले होते.

"पैसे आम्ही कोणीबी दिले असते," शोभा म्हणाली. "घेत नाही ना ही."

"उसने घेतले त फेडाले घरातूनच द्या लागते," कमल म्हणाली. "मंग तो रुपया त्याह्यचाच झाला ना. पॉइंटात रुपया नाही. मी त्याह्यले तोंड वर करून सांगू शकते."

नवऱ्याने घातलेल्या कुंपणात या बाईने रुपया न लागणारी एक फट शोधून काढली होती. तेवढ्या फटीतून तिला नातीपर्यंत पोचायचं होतं. आणि ती फट आज दुपारी बुजणार होती.

मी त्यांना साहेबांनी सांगितलेला मार्ग सांगितला. "आपा, ते विचारतील, हा खर्च कुटुंबाचा आहे का. तुम्ही हो म्हणा. एक शब्द. बाकी काही बोलू नका." हे मी सांगितलं, आणि आज कोणी विचारलं तर आजही तेच सांगीन. नियम करणाऱ्यांनी बाजारगल्ली पाहिलेली नाही.

"म्हणून टाका आपा," शोभा म्हणाली. "आपून घरच्यासारख्याच आहो ना."

एक सुटलेलं रीळ हातात घेऊन आपा दोरा गुंडाळत बसल्या. फोन काउंटरवर ठेवला होता. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं आणि सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या.

वाजला तेव्हा मेडिकलवाल्यांची सून दचकून उठून उभीच राहिली. मी स्पीकर लावला, माझं नाव सांगितलं, आपांची ओळख पटवली. साहेबांनी सुरुवात केली.

"मॅडम, तुमच्या घरी विजेचे मीटर किती?"

"एक."

"कार्डावरून बरेच भरले गेलेत."

"जी."

"शाळेची फीसुद्धा आहे. मुलं तुमच्याकडेच राहतात?"

मी आपांच्या दंडाला हात लावला. हो म्हणा, हो म्हणा. शोभाचे ओठ तेच म्हणत होते. कमल कणकेचे हात एकमेकांवर चोळत बसली होती.

"मॅडम, मी सरळ विचारतो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी प्रत्येक शब्द वेगळा उच्चारला, आमच्यासाठी दार उघडं धरल्यासारखा. "हा सगळा तुमच्या कुटुंबाचा खर्च आहे, असं मी लिहू ना?"

दुकानात पंखा फिरत होता. त्याचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.

"नाही साहेब," आपा म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. खरंच मारला, आवाज रेकॉर्डमध्ये असेल.

"नका लिहू. काही खर्च माहा आहे, बाकीचा या बायांचा आहे. पैसे त्याह्यनं रोख देल्ले, मी कार्डावरून भरले. चोरी नाही केली. पण कुटुंब नाही आमचं. मोहल्ला आहे."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. एका शब्दावर सगळं निभावलं असतं, आणि या बाईला नेमका आजच खरं बोलण्याचा सोस! मी फोनवर हात धरून दबक्या आवाजात तेच म्हणाले. आपा माझ्याकडे वळल्या.

"ताई, कमलच्या घरात एका शब्दापायी बाप-लेकीचं तोंड बंद आहे. ते उघडाले ही चालली. तिले मी झूटच्या तिकिटावर बसवू? उद्या सोपानभाऊनं इचारलं, तिकीट कसं आलं, त काय सांगन ही?"

साहेबांचा आवाज परत आला. आता तो नम्रही नव्हता आणि कोरडाही नव्हता. ते म्हणाले, इतरांच्या खर्चावरचे पॉइंट आत्ताच वजा होतील. कार्ड आज बंद करावंच लागेल, ते माझ्या हातात नाही. तुमच्या स्वतःच्या खर्चाचे पॉइंट तुमचेच राहतील, पण संध्याकाळी खातं बंद झालं की तेही जातील. "जे करायचं ते तोवर करा, मॅडम," म्हणाले, आणि मग, "तुम्ही हो म्हणाला असता तर मी लिहिलं असतं." फोन ठेवला.

आपांच्या मोबाइलवर पॉइंटांचा आकडा होता. आमच्या डोळ्यांदेखत तो पडला. दीड वर्षाचे किराणे, फिया, औषधं, सगळ्यांच्या मिरच्या एका झटक्यात गेल्या. उरले ते आपांचे एकटीचे.

"अन् आमचं काय?" शोभा म्हणाली. तिचा दुसरा नंबर होता. आईला घेऊन ती जाणार होती. "तुमाले खरं बोलाचं होतं त आधी बोलाचं होतं. भिशी लावायच्या आधी."

"बँकेचे नियम मी कुठं वाचले होते, शोभा? मले कुठं माहीत होतं असं होते म्हणून?"

"मंग राह्यलेले वाटून घेऊ सगळ्याईत."

"वाटले त एकीलेबी तिकीट नाही निंघत," मेडिकलवाली हळूच म्हणाली.

"मंग माह्यं मन मोठं कराचं का मीच? दर टायमाले?" शोभाचा आवाज फाटला. तिचं चुकलेलं नव्हतं. आपा खाली बघून म्हणाल्या, "पॉइंट माह्ये आहे. नंबर कमलचा आहे. नंबर मोडत नाही मी." शोभाने चप्पल घातली, वाकून शटरखालून गेली, आणि पुढे कितीतरी महिने मॅचिंगला बुलडाण्याला जात राहिली. भिशीचं असं असतं. ज्यांची चिठ्ठी निघालेली नसते त्यांची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून मी इथे मांडून ठेवते.

मी मोबाइल हातात घेतला. संभाजीनगर ते बंगलोर. बारसं रविवारी. शुक्रवारचं तिकीट पाहिलं, पॉइंट कमी पडत होते. शनिवारचं तर त्याहून महाग. गुरुवारचंही नाही. कमल माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, माझं तोंड तेवढं ती वाचत होती. बुधवार. मी बोट ठेवलं. पांढरं चाक फिरायला लागलं, फिरतच राहिलं. गल्लीत दुपारी नेटवर्क असंच मरतं. मी मोबाइल घेऊन शटरपाशी गेले, वाकले, हात बाहेर काढला. तेव्हा मला शटरबाहेर दोन पाय दिसले. धुळीने माखलेल्या वहाणा, पँटच्या घडीत सोयाबीनचे दाणे अडकलेले.

सोपानरावांनी शटर वर केलं. उजेड एकदम आत आला.

"बँकवाले आले म्हणते इथं. मेस उघडी टाकून तू काऊन इथं, कमल? काय केलं?"

कमल उठली. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकाला घाबरले. मी सरळ सांगून टाकलं. कार्ड, पॉइंट, फोन, नात, बुधवारचं विमान. काही लपवलं नाही. आपांनी लपवलं नव्हतं, मी काय लपवणार?

सोपानराव ऐकत उभे राहिले. कपाळाची शीर उडत होती.

"याच्यात माह्या घरचा रुपया किती?"

"एकही नाही."

"फुकट कोणी देत नाही. मी काट्यावर उभा राह्यतो, मले शिकवू नका."

मी त्यांच्याच काट्यावर गेले. "भाऊ, माप करताना काट्याखाली दाणे सांडतात. ते कोणाचे?"

"झाडणाऱ्या बाईचे."

"शेतकऱ्याच्या मापात धरता?"

"नाही."

"अडत्याच्या?"

"नाही. ते कोणाच्याच मापात नसते. जिनं झाडलं तिचे."

"पॉइंट म्हणजे तेवढंच. किराण्याचे पैसे किराण्याला गेले. खाली सांडलं ते आपांनी झाडून ठेवलं."

कार्ड म्हणजे काय हे मी इतकी वर्षं लोकांना समजावत होते, पण त्या दिवशी जेवढं नेमकं सांगितलं तेवढं कधी सांगितलं नसेल. सोपानराव आपांकडे वळले.

"मंग हे दाणे तुमचे झाले. तुमी काऊन देता?"

"तिचा नंबर आहे, भाऊ," आपा म्हणाल्या. "माह्या मापात ते धरू नका."

सोपानराव मोबाइलकडे बघत उभे राहिले. नाही म्हणाले असते तर कमल गेली नसती, हे आम्हाला माहीत होतं आणि त्यांनाही. माझ्या हातातल्या मोबाइलचं चाक थांबलं आणि पडद्यावर कमलचं नाव आलं. पॉइंट घेतले गेले. पण काम पूर्ण झालं नव्हतं. खाली एक चित्र उघडलं होतं, लहान लहान चौकोनांचं.

"हे काय इचारून राह्यलं?" सोपानराव वाकून म्हणाले.

"जागा विचारतंय. मधली फुकट आहे. खिडकीजवळची हवी तर वेगळे पैसे पडतात, रुपयांत. पॉइंट संपले." मी घाईने बोट मधल्या चौकोनाकडे नेलं. "मधलीच घेते."

"थांबा."

कमलने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं. आता शब्दाची आठवण होणार आणि सगळं विस्कटणार. सोपानरावांनी शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला. तिथून घामाने मऊ पडलेली पाचशेची नोट काढली आणि आपांच्या काउंटरवर, रिळांच्या मध्ये ठेवली. कमलकडे त्यांनी बघितलं नाही.

"तिले गाडी लागते," ते म्हणाले. "यष्टीत खिडकी भेटली नाही त जालना येईस्तोवर हाल होते तिचे. खिडकीची घ्या. हवा लागली पाह्यजे."

मी खिडकीच्या चौकोनावर बोट टेकवलं, पैसे माझ्या खात्यातून भरले आणि नोट उचलली. विमानाची खिडकी उघडत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही.